नाकाची वही

सन एकोणीसशे तेहतीसच्या पावसाळ्यात रत्नागिरीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नापास झालेले एकंदर तीन जण होते आणि तिघेही आप्पा मुळ्यांच्या पडवीत बसत. मी दोनदा नापास झालो होतो, दादू तीनदा आणि शिवा रहाटे एकदाच. त्यामुळे आमच्यात तो नवखा समजला जाई.

आप्पा मुंबईच्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. नोकरी संपल्यावर माणसं गावी परतताना पितळेची भांडी आणतात. आप्पांनी बाटल्यांचे चार पेटारे आणले. त्यातला एक बंदरात पडावातून उतरवताना पाण्यात गेला. त्यात काय काय होतं हे ते अजून सांगत, घरातलं कोणी गेल्यावर सांगतात त्या आवाजात. उरलेल्या तीन पेटाऱ्यांवर त्यांनी आपल्या घरामागच्या पडवीत प्रयोगशाळा मांडली. चैत्र-वैशाखात त्या पडवीत हापूसच्या पेट्या भरत आणि मृगापासून दिवाळीपर्यंत तिथे क्षार ओळखत. पेंढा दोन्हींना तोच.

आमची तिघांची लेखी परीक्षा सुटली होती, अडकली होती ती प्रात्यक्षिकात. ऑक्टोबरात पुन्हा बसायचं तर नव्याने प्रयोग केल्याचं जर्नल दाखवावं लागे, आणि आप्पांच्या जुन्या कॉलेजाने त्यांच्या सहीचं जर्नल चालेल असं कबूल केलं होतं. म्हणजे आप्पांची सही मिळाली तर मुंबईला जायचं. नाही मिळाली तर घरचे विचारतील तेव्हा आजारी पडायचं.

आप्पांचा एकच सिद्धान्त होता: आधी नाक, मग नळी. देवाने नाक चष्मा अडकवायला दिलेलं नाही, असं ते चष्मा वर सरकवत म्हणत. प्रत्येकाला एक पुडी मिळे. पुडीत कुठला तरी क्षार. पुडी उघडून हुंगायची, चिमूटभर क्षार पातळ आम्लात घालून स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करायचा, पुन्हा हुंगायचं आणि काय वास आला ते एका वेगळ्या वहीत शाईने लिहायचं. पुडीचा कागद शेजारी चिकटवायचा आणि वही आप्पांच्या स्वाधीन करायची. ही नाकाची वही. ती आप्पांच्या मांडीवर गेली की मगच बाकीचे प्रयोग करायची परवानगी, आणि ते सगळे जर्नलात. नाकाच्या वहीत खाडाखोड चालत नसे. नाक एकदाच बोलतं, असं आप्पांचं मत होतं.

सगळ्यात जास्त काम पडे ते हायड्रोजन सल्फाइडचं. त्याचा वास कुजक्या अंड्यासारखा असतो असं पुस्तकात लिहिलेलं होतं. आता मी आणि दादूने जन्मात कुजकं अंडं पाहिलेलं नव्हतं. आम्हांला कुजक्या अंड्याला वास कसा येतो हे हायड्रोजन सल्फाइडवरून ठरवावं लागे. शिवाच्या घरी कोंबड्या होत्या. तो या विषयातला अधिकारी पुरुष.

आणि खरोखरच त्याच्यासारखं नाक मी पाहिलं नाही. बूच न काढता तो बाटली ओळखे. कुसुम, म्हणजे आप्पांची मुलगी, आमच्या पुड्या बांधायची आणि नळ्या धुवायची. ती दारातून आत आली की शिवा मान वर न करता सांगायचा, आज आमसुलाचं सार आहे आणि हिंग जास्त झालाय. कुसुमला आम्हां तिघांना मिळून जेवढं रसायन येत होतं त्याहून जास्त येई, पण तिला परीक्षेला बसवायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं, त्यामुळे ती कधी नापास झाली नाही.

शिवा निवळीच्या बाजूचा. त्याच्या गावात मॅट्रिक झालेला पहिला तोच, आणि दुसरा अजून व्हायचा होता. बाप परळच्या गिरणीत. मागच्या परीक्षेत याची नळी फुटली आणि दुसरी मागायला हा लाजला. तीन तास नुसता उभा राहिला आणि नापास झाला. रत्नागिरीतल्या एका शाळेने विज्ञान-मास्तराची जागा त्याच्यासाठी दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. पास झाला तर ती जागा. नाही तर बापाने लिहिलं होतं की जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, बोलून ठेवलंय, ये आणि कापडाच्या साच्यावर उभा राहा. हे पत्र तो गाळणकागदांच्या डब्यात ठेवी, म्हणजे आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं.

तो पडवीतच राही. जेवण ओटीवर, झोप पेंढ्यावर. त्या बदल्यात त्याच्याकडे किपचं यंत्र होतं. काचेचे तीन गोळे एकावर एक ठेवलेले, त्यात आम्ल आणि लोखंडाचा सल्फाइड. तोटी फिरवली की वायू हजर. ते पूर्वी वासरं बांधत त्या कोपऱ्यात, गोणपाटाच्या पडद्याआड असे. ते भरणं, धुणं, कोणाला वायू लागला की सोडणं, सगळं शिवा करी. आम्ही पडद्याबाहेरून नळी आत द्यायचो आणि नाक दाबून उभे राहायचो. शिवा आत असायचा. जून, जुलै, ऑगस्ट.

भाद्रपदात बाटल्यांच्या कपाटामागे एक उंदीर मेला. दुसऱ्या दिवशी दादूने उपरण्याने तोंड बांधलं. तिसऱ्या दिवशी आप्पा अंगणात उभं राहून शिकवू लागले. शिवा त्या कपाटाला टेकून तीन रात्री झोपला होता आणि एक शब्द बोलला नव्हता. चौथ्या दिवशी मी आत आलो, नाक मुरडलं, कपाटाकडे बघितलं. त्यासरशी तो म्हणाला, “उंदीर मेलाय वाटतं.”

मला जरा गंमत वाटली. दुपारी मी त्याच्यासमोर स्वच्छ पाण्याचा ग्लास धरला आणि आंबट तोंड केलं. शिवाने वाकून हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, व्हिनेगर आहे, पण हलकं.

मी दादूला बाहेर नेऊन सांगितलं. दादूने विचार केला आणि म्हणाला की ही फारच दुःखाची गोष्ट आहे, साखरेवर करून बघू.

त्या दिवसापासून आमचा अभ्यास फार रंगला. साखरेला आम्ही मासळीचा वास आणवला. खडूला कडू बदामाचा. कोऱ्या गाळणकागदावर दादूला उमासा आला तेव्हा शिवाने तो कागद जपून बाजूला ठेवला, कोणाला बाधू नये म्हणून. वही आप्पांकडे जायची असेल त्या दिवशी मात्र आम्ही खरी तोंडं करत असू, नाहीतर खेळ लवकर संपला असता. खरं तोंड आणि खोटं तोंड यातला फरक शिवाला कळत नसे, आणि महिनाभराने मलाही नीटसा कळेनासा झाला.

आप्पा मात्र आंधळे नव्हते. एका सकाळी ते पडवीत आले तेव्हा किपची तोटी उघडी राहून फुसफुसत होती आणि तिच्या हातभर अंतरावर बसून शिवा पेज पीत होता. आप्पांनी तोटी बंद केली, आणि जर्नलावर सही करण्याआधी ते आमची जी परीक्षा घेणार होते तिची तारीख दोन दिवस अलीकडे आणली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी शिवा आणि मी विहिरीवर नळ्या विसळत होतो. बऱ्याच नळ्या झाल्यावर तो म्हणाला, “श्रीपत, माझं नाक गेलंय.”

मी विचारलं, कुठे.

“वायच चेष्टा बाजूला ठेव. श्रावणापासून काही येत नाही. फोडणी नाही, शेण नाही, काही नाही. मी तुमची तोंडं बघून लिहितो.”

मी आश्चर्याचं तोंड केलं. ते मला चांगलं साधतं.

“दादूच्या तोंडावरून काही कळत नाही,” तो म्हणाला. “तुझं मात्र खरं असतं. उद्या समोर बसशील?”

यावर काय म्हणावं हे मला सुचेना म्हणून मी बसेन म्हटलं. मग त्याने सगळं ठरवून टाकलं. कुजकं अंडं असेल तर नाक मुरडायचं. व्हिनेगर असेल तर ओठ आवळायचे. ठसका बसेल असलं काही तर डोळे चोळायचे. वास नसेल तर, मी विचारलं.

“तर काहीच करू नकोस. नुसता बस.”

एवढं सांगून त्याने माझ्या वाटच्या उरलेल्या नळ्याही विसळून टाकल्या. आप्पांना सांगून टाक, असं मी त्याला म्हणू शकलो असतो. ते मला सुचलं होतं. पण तो नळ्या इतक्या आनंदाने विसळत होता की मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

सकाळी आप्पांनी पुड्या स्वतः वाटल्या. नेहमी कुसुम वाटायची. ती आज नळ्या उभ्या ठेवायची लाकडी घोडी घेऊन दाराशी उभी होती. मी आणि दादू टेबलाच्या एका बाजूला, शिवा दुसऱ्या बाजूला, मध्ये तीन दिवे. आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्या पुडीत सल्फाइड नव्हता, कार्बोनेट होता, बुडबुडे आले आणि वास नाही. मी तसं लिहिलं. मग मी शिवाकडे बघितलं.

त्याने पुडी उघडली. पांढरी पूड. हुंगली. चिमूट आम्लात टाकली, नळी दिव्यावर धरली, हलवली, आमच्या दोघांच्या मधून फिरवली, म्हणजे वाफ माझ्याकडे यावी. वाफ आली. तिला कसलाही वास नव्हता. आंघोळीच्या पाण्याला जेवढा असतो तेवढाही नाही.

शिवा माझ्याकडे बघत होता. मी फक्त बसायचं होतं. बसणं मला चांगलं येतं. दोन वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं. तेवढ्यात टेबलाखाली दादूचा अंगठा माझ्या पायाला लागला. त्याला बिचाऱ्याला आमचं विहिरीवरचं ठरलेलं ठाऊकच नव्हतं. तो महिनाभर जशी वाट बघायचा तशी बघत होता, गाल आतून चावून. हसणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवणं माझ्याच्याने होत नाही.

मी नाक मुरडलं. वरचा ओठ उचलला, डोळे बारीक केले, मान थोडी मागे घेतली. आजवर केलेल्यांत ते सर्वोत्तम होतं. शिवाने मान हलवली, अगदी हळू, आभार मानल्यासारखी, आणि वहीत शाईने लिहिलं: कुजक्या अंड्याचा उग्र वास. कागद चिकटवला आणि वही आप्पांच्या मांडीवर ठेवली.

पुढचं मला बघायचं नव्हतं, पण माझी जागा समोरची होती. शिवाचे हात फार सुंदर चालत. प्लॅटिनमची तार आम्लात बुडवून पूड लावून ज्योतीत धरली. ज्योत पिवळीधमक झाली. सोडियम. द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि नळीत दह्यासारखा पांढरा साका बसला. क्लोराइड. त्याने तो अमोनियात विरघळवून दाखवला. मग ती नळी त्याने उजेडात धरली, बराच वेळ. सोडियम क्लोराइड. साधं मीठ. तो आप्पांच्या मांडीवरच्या वहीकडे बघायला लागला. मग उठला, गेला, आणि एक ओळ दुरुस्त करू का म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, शाई ती शाई. शिवा परत येऊन बसला आणि जर्नलात सोडियम क्लोराइड असं वळणदार अक्षरात लिहिलं. खोटं लिहिणं त्याला तेवढ्यापुरतंच जमलं होतं.

आप्पांनी माझ्या जर्नलावर सही केली. दादूच्या जर्नलावर केली. मग शिवाची वही आणि जर्नल शेजारी शेजारी उघडलं आणि कुसुमला हाक मारली.

“कुसुम, हे मीठ कुठलं?”

“आपल्याच बरणीतलं, आप्पा. सकाळी आमटीत घातलं तेच.”

“आमटीला अंड्याचा वास येत होता?”

दादूला खोकला आला.

“रसायन बरोबर आहे,” आप्पा शिवाला म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “तुझं नाक गेलंय, ते मला ठाऊक आहे. माझ्याच किपने गेलं. वास येत नाही एवढं लिहिलं असतंस, तर मी डोळे मिटून सही केली असती. पण तू वास आला म्हणून लिहिलंस. उद्या तुझ्यासमोर चाळीस पोरं बसतील. वायू सुटेल आणि तू मेलेल्या पोरांच्या तोंडाकडे बघत बसशील.”

शिवाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. माझं नाव त्याने घेतलं नाही. नळी मागायला लाजणारा माणूस तो, नाव कुठून घेणार. त्याने दिवा विझवला, टेबल पुसलं, आणि सवयीने किपचं आम्लही बदलून ठेवलं.

आम्ही निघालो तेव्हा कुसुमने मला पायरीवर गाठलं. घोडी अजून तिच्या हातात होती.

“तुमचं तोंड मी बघितलं,” ती म्हणाली. “तुम्ही सांगणार, का मी सांगू?”

मी म्हटलं, मीच सांगेन, त्याला आधी आणि मग आप्पांना. मित्राच्या तोंडून ऐकलेलं बरं. तिने माझ्याकडे बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तसं पाहिलं आणि म्हणाली, बोट शनिवारची आहे, शनिवारपर्यंत थांबते.

शनिवारी बंदरावर आम्ही तिघेही होतो. मी आणि दादू परीक्षेला, शिवा गिरणीत. जॉबरने जागा सोमवारपर्यंत धरली होती आणि त्यानंतरची बोट थेट गुरुवारची. शिवाकडे एक वळकटी आणि आईने दिलेली कुळथाची पुरचुंडी एवढंच. बोट नेहमीसारखी बाहेर खोल पाण्यात उभी होती आणि आम्ही पडावात बसून तिच्याकडे चाललो होतो. लाट मोठी होती. दादूने पहिल्या हेलकाव्यालाच तोंड बाहेर काढलं आणि तो त्याच कामात राहिला, त्यामुळे बोलायला आम्ही दोघेच.

मी सांगणार होतो. वाक्यसुद्धा तयार होतं. पण शिवानेच आधी विचारलं.

“श्रीपत, मिठाला वास असतो काय?”

“नसतो.”

“मग तुला कसला आला?”

इथे नुसतं बसून चालणार नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, विहिरीवर बघत होता तसाच, अजूनही. त्या तोंडावर त्याचा एवढा विश्वास होता की ते खोटं म्हणून सांगणं मला फार उद्धट वाटलं. मी म्हटलं, वास मिठाचा नसेल, कागदाचा असेल. कुसुमने सल्फाइड सांडलेलाच कागद वापरला असणार. पण वास होता. उग्र होता.

हे ऐकून त्याला बरं वाटेल एवढाच माझा हिशेब होता. वाटलंही. त्याचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग तो म्हणाला, “कागद वहीत आहे.”

मी म्हटलं, असेल.

“वहीत चिकटवलाय मी. आप्पांच्या घरी. त्यांनी हुंगला की त्यांना कळेल. मी खोटं लिहिलंच नाही म्हणजे. वास होताच.” तो घाईघाईने बोलत होता, इतकं सलग बोलताना मी त्याला पाहिलं नव्हतं. “तू साक्ष देशील?”

“देईन की.”

“मग चल.”

मी म्हटलं, माझी परीक्षा आहे मंगळवारी. तू पुढे हो, मी मुंबईहून आप्पांना पत्र टाकतो. त्याला ते पटलं. त्याला माझं सगळंच पटत असे. मी म्हणालो की गिरणीची जागा सोमवारपर्यंतच आहे, तर तो म्हणाला, मला सही मिळाल्यावर गिरणी कशाला. आणि सही होऊन गुरुवारची बोट धरली तर प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या तुकडीत बसता येईल, हेही त्याने तिथल्या तिथे मोजून काढलं.

पडाव बोटीला लागला. मी दादूला वर ढकललं आणि मागोमाग शिडी चढलो. मुंबईहून आलेली माणसं ट्रंका आणि करंड्या घेऊन पडावात उतरायला लागली. शिवा वर चढलाच नाही. वळकटी मांडीवर घेऊन त्यांना जागा करून देत राहिला. तांडेलाने त्याला काही विचारलं, त्याने बंदराकडे हात केला.

पडाव सुटताना त्याने वर बघितलं. “नेमका कसला म्हणून सांगू?” त्याने विचारलं. “म्हणजे चुकायला नको.”

“कुजक्या अंड्याचा,” मी कठड्यावरून सांगितलं. “उग्र.”

तो ते पुटपुटत होता, पाठ करत असल्यासारखं, हे मला बऱ्याच लांबपर्यंत दिसलं. शनिवार होता. कुसुम या वेळी पडवीत वह्या आवरत बसलेली असे, आणि तिने शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

भोंगा झाला. दादू कठड्याला धरून उभा राहिला, तोंड पुसलं आणि विचारलं की शिवा परत का गेला.

मी म्हटलं, काहीतरी विसरला असेल.